यंत्राने दिलेली पोच

भिलाईच्या लाइट इंडस्ट्रियल एरियात किंवा पलीकडे हथखोजच्या औद्योगिक क्षेत्रात, जिथे पत्र्याच्या छपराखाली लेथ फिरत असतात, वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात आणि लहान कारखानदार मोठ्या कारखान्यांसाठी सुटे भाग, नळ्यांचे जोड आणि ओतीव नग घडवीत असतात, तिथे माल फाटकाबाहेर पडला म्हणजे काम संपले असे कोणी मानीत नाही. त्या मालाचे पैसे हाती येण्याचे काम तेव्हा कुठे सुरू होते. बिल ई-मेलने जाते. ते गेल्यावर चहाचा पेला ओठाला लागण्याच्या आत उत्तर येते: आपला संदेश प्राप्त झाला आहे, आमचा संबंधित विभाग लवकरच आपल्याशी संपर्क साधील, कृपया या संदेशास उत्तर देऊ नये. उत्तर नम्र असते, निर्दोष असते, वेळेच्या बाबतीत तर कोणत्याही कारकुनाला लाजविणारे असते. फक्त ते कोणी लिहिलेले नसते.

हे उत्तर हाती पडल्यावर त्या कारखानदाराला नेमके काय मिळाले, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला, तरी ज्या गावात एका प्रचंड पोलाद कारखान्याच्या आणि त्याच्या सावलीत वाढलेल्या मध्यम कारखान्यांच्या मागणीवर अनेक लहान यंत्रशाळा जगतात, तिथे त्याचे उत्तर रुपयांत मोजता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाच्या कलम १५ ने ग्राहकावर असे बंधन घातले आहे की करारात मुदत काहीही लिहिलेली असो, मालाच्या स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या पलीकडे ती जाता कामा नये. आणि गेली तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही मासिक चक्रवाढीने, व्याज द्यावे लागते. आता ही स्वीकृती केव्हा झाली? कायदा सांगतो की माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला तोच स्वीकृतीचा दिवस. म्हणजे पंधरा दिवसांच्या मौनालाही या कायद्यात अर्थ आहे, लेखी हरकतीलाही अर्थ आहे, आणि यांच्या मधोमध ते यंत्राचे उत्तर येऊन बसले आहे, जे मौनही नव्हे आणि हरकतही नव्हे.

अशा उत्तरांची निंदा करणारे बहुधा त्यांच्या कृत्रिमपणावर बोट ठेवतात: साच्यातले, हृदयशून्य, माणुसकीचा स्पर्श नसलेले. हा आक्षेप मला फारसा पटत नाही. साच्यातले लिहिणे आपल्या व्यवहाराला नवे नाही. किंबहुना मराठी पत्रव्यवहाराचा निम्मा डौल साच्यातच होता. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ या काळात रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते, आणि त्यांच्याबरोबर या मुलखात मराठी भाषा, मोडी लिपी व कमाविसदार-फडणविसांची दप्तरी रीत आली (दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याची चालही त्यांनीच इकडे रुजविली असे सांगतात, आणि ती मात्र मोडीपेक्षा चिवट ठरली). 'विज्ञापना ऐसीजे' म्हणून आरंभ करावा, येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे अशी विनंती करावी, मग वसुलीचा, घोड्यांच्या दाण्याचा किंवा थकलेल्या चाकरीचा मूळ मुद्दा मांडावा आणि 'बहुत काय लिहिणे' म्हणून हात आखडता घ्यावा, ही त्या काळच्या कारकुनाची तालीम होती. कुशल विचारताना त्याला समोरच्याच्या प्रकृतीची काळजी लागलेली असे, असे कोणी समजत नसे. परंतु त्या साच्याच्या शेवटी मोर्तब असे, मिती असे, पत्र दप्तरी रुजू झाल्याचा शेरा असे, आणि नुसते अक्षर पाहून हा मजकूर कोणाच्या हातचा हे जाणत्या दप्तरदाराला सांगता येई.

पुढे इंग्रजी अमदानीत आणि स्वराज्यातही कचेऱ्यांनी हीच रीत निराळ्या सरंजामाने चालविली. भिलाईचा कारखाना तर कागदावरच जन्मला: २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मधल्या चार वर्षांत दल्ली-राजहराच्या लोहखनिजापासून नंदिनीच्या चुनखडीपर्यंत प्रत्येक गोष्टीची पत्रे दुर्ग, दिल्ली आणि मॉस्को यांच्या दरम्यान गेली असतील त्यांची मोजदाद कोण करणार! करार झाला त्या दिवशी, हे आज सांगितल्यावर अनेकांना नवल वाटते, दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना होईपर्यंत भिलाई, नागपूर, अकोला आणि खामगाव ही एकाच मध्य प्रदेशातील गावे होती.

त्या काळापासून अगदी काल-परवापर्यंत कोणत्याही मोठ्या कचेरीत पत्र द्यायचे म्हणजे दोन प्रती घेऊन आवक बारनिशीच्या खिडकीशी उभे राहायचे. कारकून मूळ प्रत ठेवून घेई, दुसरीवर शिक्का उमटवून तारीख आणि आवक क्रमांक टाकी आणि खाली आपली आद्याक्षरे करी. त्या शिक्क्यात कसलेही आश्वासन नसे. पत्र वाचले जाईल, पटेल, पैसे मिळतील, यातले काहीही तो शिक्का बोलत नसे, आणि म्हणूनच तो प्रामाणिक होता. मात्र अमुक आवक क्रमांक कोणत्या कार्यासनाकडे गेला हे वहीत लिहिलेले असे, त्या कार्यासनावर कोण बसते हे सर्वांना ठाऊक असे, आणि तीन आठवड्यांनी स्मरणपत्र घेऊन जाणाऱ्याला निदान कोणाच्या टेबलापुढे उभे राहायचे एवढे तरी कळत असे. तारखात्याने तर साचा थेट अंकांत बसविला होता. दिवाळीच्या, विवाहाच्या, परीक्षेतील यशाच्या ठराविक शुभेच्छांना क्रमांक असत. पाठविणाऱ्याने क्रमांक लिहावा आणि पलीकडच्या कचेरीने त्याचे वाक्य करून घरपोच द्यावे. २०१३ च्या जुलैत तारेची सेवा बंद झाली, पण तोवर त्या शुभेच्छा यांत्रिक होत्या अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही, कारण त्यांच्याखाली मामाचे किंवा मित्राचे नाव असे. आजच्या स्वयंचलित उत्तरात जी उणीव आहे ती या नावाची.

यंत्राने आपण होऊन उत्तर देण्याची युक्ती मुळात अशी निनावी नव्हती. युनिक्स संगणकांवर 'व्हेकेशन' नावाचा एक लहानसा प्रोग्राम असे. 'सेंडमेल' ही टपाल वाहून नेणारी प्रसिद्ध व्यवस्था ज्याने रचली त्या एरिक ऑलमन यानेच तो लिहिला. रजेवर जाणाऱ्याने चार ओळी लिहून ठेवाव्यात, त्याच्या अनुपस्थितीत पत्र आले की प्रोग्रामने त्या परत पाठवाव्यात, कोणाकोणाला उत्तर गेले याची यादी ठेवावी आणि त्याच माणसाला आठवडाभर तेच उत्तर पुन्हा देऊ नये, एवढीच त्याची करामत. ही यादी ठेवण्याची तसदी का घेतली, हे समजण्यासारखे आहे. दोन माणसे एकाच वेळी रजेवर गेली आणि एकाच्या यंत्राने दुसऱ्याला 'मी रजेवर आहे' असे कळविले, तर दुसऱ्याचे यंत्र त्यालाही तेच कळविणार, मग पहिले पुन्हा, मग दुसरे. आणि दोघे गावी आंबे खात असताना इकडे त्यांची यंत्रे रात्रंदिवस एकमेकांना अनुपस्थितीच्या वर्द्या देत राहणार. पुढे २००४ च्या ऑगस्टमध्ये इंटरनेटच्या तांत्रिक मंडळींनी ३८३४ क्रमांकाचा एक दस्तऐवज काढून या व्यवहाराचे संकेत ठरविले: यंत्राने पाठविलेल्या उत्तराच्या शिरोभागी ते यंत्राचे आहे अशी अदृश्य खूण असावी, अशी खूण असलेल्या पत्राला दुसऱ्या यंत्राने उत्तर देऊ नये, आणि पत्र न पोहोचल्याची जी वर्दी रिकाम्या परतपत्त्यावरून येते तिलाही कोणा यंत्राने उत्तर देऊ नये. यंत्रांच्या आपसांतील शिष्टाचाराची इतकी सूक्ष्म व्यवस्था लागली. माणसांसाठी मात्र तशी कोणी केली नाही, म्हणून 'तातडीच्या कामासाठी अमुक यांच्याशी संपर्क साधावा' असे पहिल्याचे उत्तर आणि त्या अमुकांच्या उत्तरात पुन्हा पहिल्याचेच नाव, हा अनुभव दिवाळीच्या आठवड्यात माल पाठविणाऱ्या कोणालाही अपरिचित नाही.

कायद्याने या यांत्रिक पोचेकडे केव्हाच गंभीरपणे पाहिले आहे, आणि व्यापारी माणसांना याची जाणीव जितकी हवी तितकी नाही असे मला वाटते. १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आलेला माहिती तंत्रज्ञान अधिनियम हा संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक कायदा आयोगाने १९९६ साली तयार केलेल्या नमुन्यावर बेतलेला आहे. त्याच्या कलम १२ मध्ये असे म्हटले आहे की, पाठविणाऱ्याने विशिष्ट रीत सांगितलेली नसेल, तर मिळणाऱ्याने केलेले कोणतेही निवेदन, मग ते स्वयंचलित असो वा अन्यथा, ही पोच समजता येईल; इतकेच नव्हे तर पत्र मिळाल्याचे सूचित करणारी त्याची वर्तणूकही पोच ठरेल. ज्या ओळींना आपण सौजन्याचा रिकामा उपचार समजतो त्या दिवाणी न्यायालयात पुरावा म्हणून उभ्या राहू शकतात. 'बिल आमच्याकडे आलेच नाही' ही जुनी आणि अनेक कचेऱ्यांची आवडती सबब त्या एका क्षणात आलेल्या उत्तराने कायमची हिरावून घेतली आहे.

पत्र केव्हा पोहोचले आणि करार कोठे झाला, हा वाद आपल्याकडे ई-मेलच्या फार आधीचा आहे, आणि त्याचा सर्वांत गाजलेला खटला वऱ्हाडातला आहे. १९५९ साली अहमदाबादच्या एका व्यापारी पेढीने खामगावच्या एका जिनिंग व तेलगिरणीशी दूरध्वनीवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. माल आला नाही, पेढीने अहमदाबादच्या न्यायालयात दावा लावला, आणि खामगावकरांनी हरकत घेतली की आम्ही होकार खामगावात उच्चारला, तेव्हा करार खामगावात झाला, अहमदाबादच्या न्यायालयाला इथे अधिकार नाही. १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे टपालाने दिलेला होकार, तो पत्रपेटीत पडून देणाऱ्याच्या हातून सुटला की प्रस्ताव मांडणाऱ्याला बांधतो. दूरध्वनीलाही हाच न्याय लावावा काय? भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल परशोत्तमदास या नावाने १९६६ च्या निकालसंग्रहात आलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने 'नाही' असे उत्तर दिले: समोरासमोर बोलल्याप्रमाणेच इथे होकार जिथे ऐकू आला तिथे, म्हणजे अहमदाबादेत, करार पुरा झाला. भिन्नमत नोंदविले ते न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी. रायपूरच्या शाळेत शिकलेले आणि नागपूरच्या उच्च न्यायालयात आधी वकिली करून पुढे तिथले मुख्य न्यायाधीश झालेले हे गृहस्थ म्हणत होते की कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दूरध्वनी नसला तरी कलमाची भाषा जी आहे ती आहे, आणि तिच्याप्रमाणे होकाराचे शब्द बोलणाऱ्याच्या तोंडून निघाले तिथेच, खामगावात, करार पुरा होतो. त्यांच्या नावाचे विधी विद्यापीठ आज भिलाईपासून फार लांब नाही, नव्या रायपुरात आहे. आणि तिथल्या वर्गांत या खटल्यावर अजून वाद रंगत असतील तर ते स्थानमाहात्म्याला साजेसेच होय.

ई-मेलच्या बाबतीत माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १३ ने हा घोळ बराच कमी केला. मिळणाऱ्याने एखादा पत्ता त्यासाठी नेमून दिला असेल, तर संदेश त्या व्यवस्थेत शिरला तोच मिळाल्याचा क्षण. कोणी तो उघडला की नाही, वाचला की नाही, याला महत्त्व नाही. आणि संगणक कोठेही ठेवलेला असो, संदेश मिळाला तो मिळणाऱ्याच्या व्यवसायाच्या ठिकाणी असे धरायचे. २००५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे हे तत्त्व कसोटीला लागले. भारत कोकिंग कोल या सार्वजनिक कंपनीने ई-लिलावात एका वाहतूक संस्थेची ४,००० टन कोळशाची बोली ई-मेलने स्वीकारली, आणि मागाहून, संगणकातील काही दोषामुळे दुसऱ्याची अधिक बोली विचारात घ्यायची राहून गेली असे म्हणून सौदा रद्द केला. न्यायालयाने होकाराचा ई-मेल जिथे मिळाला ते बोलीदाराचे ठिकाण उत्तर प्रदेशात आहे, म्हणून दावा इथे चालेल, असे ठरविले. पुढे २०१० साली वेदांत ॲल्युमिनिअमच्या बॉक्साइटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, रीतसर करारपत्रावर सह्या झाल्या नसल्या तरी ई-मेलच्या देवाणघेवाणीतून बंधनकारक करार होऊ शकतो, यावर शिक्कामोर्तब केले. कोळसा, बॉक्साइट, सरकीची पेंड: कायद्याची ही सारी चर्चा अशा अवजड आणि रांगड्या मालावरून झाली आहे, आणि भिलाईच्या माणसाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

या सर्वांतून निघणारी गोष्ट अशी की यंत्राच्या उत्तरात शब्द फार जपून घालावे लागतात. 'मिळाले' आणि 'स्वीकारले' यांत अंतर आहे. सरकारी ई-बाजारपेठेने, म्हणजे २०१६ च्या ऑगस्टपासून चाललेल्या 'जेम'ने, हे अंतर चांगले ओळखले आहे: तिथे माल आल्याचे तात्पुरते प्रमाणपत्र निराळे आणि तपासून स्वीकारल्याचे प्रमाणपत्र निराळे, आणि पैशाची घडी दुसऱ्याशी बांधलेली. खाजगी कंपन्यांच्या स्वयंचलित उत्तरांत मात्र विक्री विभागाच्या उत्साहाने 'आपली मागणी निश्चित झाली आहे' यासारखी वाक्ये सर्रास घुसतात, आणि ती लिहिणाऱ्या तरुणाला कोणी करार अधिनियमाचे कलम ४ शिकविलेले नसते. उलट दिशेचाही अतिरेक आढळतो. 'हा संदेश म्हणजे पोच नव्हे' असे पोचेतच लिहिणारी कचेरी आपण काय लिहितो आहोत हे एकदा मोठ्याने वाचून पाहील तर बरे.

भाषेचा प्रश्न याहून गमतीचा. १९७६ च्या राजभाषा नियमांप्रमाणे छत्तीसगड 'क' क्षेत्रात येते (महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात), आणि हिंदीत आलेल्या पत्राला केंद्र सरकारच्या कचेरीने हिंदीतच उत्तर द्यावे असे नियम ५ सांगतो. केंद्राच्या मालकीची महामंडळेही या व्याख्येत येतात. हिंदीत विचारणा करणाऱ्याला एका सेकंदात इंग्रजीत नम्र पोच धाडणारे यंत्र हा नियम पाळते काय? कोणी अजून या कारणाने यंत्राला ज्ञापन दिलेले दिसत नाही. परंतु न कळणाऱ्या भाषेतील यांत्रिक उत्तर कोणत्या थराला जाऊ शकते हे पाहायचे तर वेल्समधील स्वॉन्झी नगरपालिकेची २००८ सालची हकीकत पाहावी. (स्वॉन्झीच्या शेजारीच पोर्ट टॅलबॉटचा पोलाद कारखाना आहे, जो त्याच्या आदल्याच वर्षी टाटांच्या हाती आला होता.) अवजड वाहनांना मज्जाव करणारी पाटी इंग्रजी आणि वेल्श अशा दोन्ही भाषांत लावायची होती, मजकूर भाषांतरकाराकडे ई-मेलने गेला, तत्काळ वेल्शमध्ये उत्तर आले, आणि पालिकेने ते पाटीवर रंगवून रस्त्यावर उभे केले. त्या वेल्श ओळींचा अर्थ होता: मी सध्या कचेरीत नाही, भाषांतराचे काही काम असल्यास पाठवावे. इंग्रजी जाणणाऱ्याला पाटी बरोबर वाटली, वेल्श जाणणारा हसला, आणि मधल्या साखळीतील एकाही माणसाला, आलेले उत्तर माणसाचे नाही, एवढी साधी शंका आली नाही.

शंका न येण्याचा फायदा घेणारेही आहेत. 'मी २० तारखेपर्यंत बाहेरगावी आहे, देयकांबाबत लेखा विभागातील अमुक यांना या क्रमांकावर विचारावे' हे उत्तर जितके उपयुक्त, तितकेच ते भामट्याच्या कामाचे: पत्ता चालू आहे, साहेब नाहीत, आणि पैशाच्या चाव्या कोणाकडे आहेत, हे सारे त्याला न विचारता कळते, मग साहेबांच्या नावाने त्या अमुकांना 'पुरवठादाराचे बँक खाते बदलले आहे' असे पत्र जाते. संस्थेबाहेरच्यांसाठी निराळा, मोघम मजकूर ठेवण्याची सोय बहुतेक टपाल-व्यवस्थांत असते. ती वापरावी, याउपर यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

रजेच्या उत्तराला एक सामाजिक बाजूही आहे. जर्मनीतील डाइमलर या मोटार कंपनीने २०१४ मध्ये आपल्या नोकरांना अशी मुभा दिली की रजेच्या काळात आलेले पत्र यंत्राने सरळ नष्ट करावे आणि पाठविणाऱ्याला तसे कळवून दुसऱ्या माणसाचे नाव द्यावे, म्हणजे परतणाऱ्याला पत्रांचा डोंगर उपसावा लागणार नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून मुक्त राहण्याच्या हक्काला कायद्यात स्थान मिळाले, आणि २०१८ च्या अखेरीस बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी त्याच आशयाचे अशासकीय विधेयक लोकसभेत मांडले. मला डाइमलरची रीत निर्दय वाटत नाही. 'तुमचे पत्र नष्ट झाले आहे' हे वाक्य 'लवकरच संपर्क साधू' यापेक्षा कितीतरी सरळ आहे, कारण ते वाचणाऱ्याला पुढे काय करायचे ते कळते. पोलादाच्या गावाला मात्र हा रजेचा विचार अर्धाच लागू पडतो. झोतभट्टी दिवाळीला विझविता येत नाही. एकदा पेटली की अंतर्भागाच्या विटा बदलेपर्यंत वर्षानुवर्षे ती अखंड चालायची, आणि पाळी संपलेल्या माणसाने येणाऱ्याला नोंदवहीसह चार्ज दिल्याशिवाय जायचे नाही, हा तिथला शिरस्ता. त्याच कारखान्याच्या आवारात एखादा हिशेबनीस रजेवर गेला तर त्याची पाळी घेणारे बहुधा यंत्रच असते, आणि यंत्राला चार्ज देता येत नाही.

अलीकडे या उत्तरांनी रूपही पालटले. २०१५ च्या नोव्हेंबरात गूगलने आलेले पत्र वाचून तीन छोटी उत्तरे सुचविणारी सोय आणली, तेव्हा चाचणीच्या काळात ते यंत्र जवळजवळ कोणत्याही पत्राला 'आय लव्ह यू' असे उत्तर सुचवीत असे, हे त्या कंपनीनेच मोकळेपणी सांगितले आहे. (थकलेल्या बिलावर असे उत्तर आले असते तर एखादा पुरवठादार सुखावलाही असता.) आता तर संपूर्ण पत्र यंत्र लिहिते, तुमच्या बिलाचा क्रमांक, रक्कम, मालाचे वर्णन, झालेल्या विलंबाबद्दल खेद, सारे त्यात येते. जुन्या ठोकळेबाज उत्तरात निदान हे कोणी वाचलेले नाही ही गोष्ट उघड दिसत होती. नव्यात वाचल्याचा भास इतका पुरा असतो की कारखानदार निर्धास्त होऊन पुढचे स्मरणपत्र पंधरा दिवस लांबणीवर टाकतो. यंत्र काही भलतेच बोलले तर बांधील कोण, याचे एक उत्तर २०२४ च्या फेब्रुवारीत कॅनडातून आले: एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली, आणि ते यंत्र आपल्या कृत्यांना स्वतःच जबाबदार असलेली निराळी व्यक्ती आहे, अशा आशयाचा कंपनीचा बचाव ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेटाळून तिला सुमारे ८१२ डॉलर भरायला लावले. आपल्या कायद्याला हे सांगण्यासाठी एवढा फेरा घ्यावा लागत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे, आपोआप चालावी म्हणून तुम्ही किंवा तुमच्या वतीने रचलेल्या व्यवस्थेने पाठविलेला संदेश हा तुमचाच.

लहान कारखानदाराच्या बाजूने काळाने एक गोष्ट केली आहे. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकराच्या कलम ४३ब मध्ये भर घालून असे केले की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे त्या ४५ दिवसांच्या मर्यादेत दिले नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत ग्राहकाच्या हिशेबात वजावटीला धरला जाणार नाही. तेव्हापासून मार्च जवळ आला की जी लेखा-खाती एरवी यंत्रामार्फत बोलतात त्यांना आपला आवाज सापडतो, आणि तुमचे उद्यम प्रमाणपत्र पाठवा, बिलाची प्रत पुन्हा पाठवा, अशी माणसाने लिहिलेली, घाईची, प्रसंगी अशुद्ध आणि म्हणूनच सुखद पत्रे येऊ लागतात.

उरलेल्या अकरा महिन्यांसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १२ मध्येच एक वाट आहे. मूळ कलमात पोचेची रीत दोघांनी मिळून ठरवायची होती. २००८ च्या दुरुस्तीने तो अधिकार पाठविणाऱ्याच्या एकट्याच्या हाती दिला. म्हणजे हथखोजच्या कारखानदाराने आपल्या पत्रातच 'या पत्राची पोच संबंधित अधिकाऱ्याने नाव व हुद्दा लिहून द्यावी, स्वयंचलित उत्तर पोच म्हणून धरले जाणार नाही' असे लिहिले, तर रीत त्याने सांगितलेली असल्यामुळे यंत्राच्या उत्तराने कलम १२ ची पोच होत नाही. आणि वाजवी मुदतीत तशी पोच न आल्यास नोटीस देऊन, ठराविक वेळेत ती आली नाही तर संदेश पाठविलाच नव्हता असे धरण्याचा मार्गही त्याला मोकळा राहतो. बिलासाठी ही दुसरी तरतूद उपयोगाची नाही, उलट अंगाशी येणारी आहे, कारण बिल गेलेच नाही असे ठरण्यात त्याचा तोटा आहे. पण दरपत्रक, बदललेला नकाशा, मुदतवाढीची मागणी यांसाठी ती फार कामाची आहे. एवढे असून हे वाक्य तो बहुधा लिहीत नाही. वर्षाच्या कामाचा मोठा हिस्सा ज्या एका ग्राहकाकडून येतो त्याला कलमाची भाषा ऐकवण्यात शहाणपण नाही, हे त्याला वकिलापेक्षा चांगले कळते. म्हणून तो ई-मेल धाडतो, यंत्राचे उत्तर छापून फायलीत लावतो, आणि दुसऱ्या दिवशी बिलाच्या दोन प्रती देऊन पोऱ्याला स्कूटरवर पाठवतो, शिक्का मारून आणायला.